कठड्यातला चेहरा

एका जागी पाय न ठरणे, ओठांचे कोपरे पुन्हा पुन्हा जिभेने चाटणे, कपाळाला घाम फुटणे, तोंडाचा रंग उतरणे, घशाला कोरड पडून शब्द अडखळणे, मागचे पुढच्याशी जुळणार नाही असे भाराभर बोलणे, नजरेला नजर न देणे, ओठ मुडपणे. ही यादी एखाद्या जुन्या फौजदाराच्या टिपणवहीतली वाटावी. ती आहे याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातली, आणि तिला दीड हजार वर्षे तरी होऊन गेली आहेत. मन, वाणी, काया आणि कृती यांनी जो आपल्या मूळ स्वभावापासून ढळलेला दिसतो, तो आरोपाच्या कामात असो की साक्षीच्या, खोटा समजावा, असे स्मृतिकार सांगतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही राजाने स्वर, वर्ण, डोळे आणि हालचाली पाहून माणसाचे अंतरंग ताडावे असे आहे. कौटिल्याने तर राजाला विष घालणाऱ्याची लक्षणे वेगळी नोंदवून ठेवली आहेत: सुकलेले काळवंडलेले तोंड, अडखळती जीभ, घाम, सारख्या जांभया, कापरे, इकडेतिकडे भिरभिरणारी नजर. आरोपीच्या चर्येवरून त्याचा गुन्हा वाचण्याच्या या उद्योगाचा माग काढत आपल्याला लंडनच्या ओल्ड बेलीपर्यंत आणि मुंबईच्या सेशन कोर्टापर्यंत जायचे आहे. निघायचे मात्र येथूनच, कारण या उद्योगाला घेतलेली सर्वांत नेमकी हरकतही येथेच सापडते.

त्या हरकतीआधी एक बळी. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीची कथा आहे. चोरांनी लुटीचा माल त्याच्या आश्रमात दडवला, मागावर आलेल्या रक्षकांनी त्याला विचारले, आणि मौनव्रत धरलेला मांडव्य काहीच बोलला नाही. गप्प बसला त्या अर्थी सामील असणार, असे धरून त्याला सुळावर चढवले. सुळाचे अणकुचीदार टोक अंगात राहिले म्हणून तो अणीमांडव्य. कौटिल्याला हीच कथा निराळ्या रूपात ठाऊक होती. त्याच्या अर्थशास्त्रातला मांडव्य छळाच्या भीतीने ‘मी चोर’ असे कबूल करून बसतो. गप्प राहिला तरी चोर आणि बोलला तरी चोर! पुढच्या दोन हजार वर्षांतल्या पुष्कळ आरोपींची कुंडली या दोन पाठांत मावते.

अकराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजधानीत विज्ञानेश्वर नावाचा पंडित याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहीत होता. ही राजधानी म्हणजे कल्याणी. ठाण्याजवळचे कल्याण नव्हे. आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. टीकेचे नाव मिताक्षरा. घाम, कोरड आणि अडखळण्याच्या त्या यादीपाशी विज्ञानेश्वर थांबतो आणि बजावतो की या लक्षणांवरून दोषाची नुसती शक्यता कळते, दोष ठरत नाही. का, तर माणसाच्या जन्मजात स्वभावातून आलेला विकार कोणता आणि प्रसंगामुळे उठलेला कोणता, हा निवाडा करणे फार कठीण. येथवर एखादा सावध शास्त्रकार आलाच असता. विज्ञानेश्वर आणखी एक पाऊल टाकतो. समजा एखाद्या तल्लख माणसाला हा निवाडा साधला, तरीसुद्धा तेवढ्यावर कोणाला हरवता येणार नाही, असे तो म्हणतो. मरणाची चिन्हे दिसू लागली म्हणून जिवंत माणसाचे और्ध्वदेहिक कोणी उरकून घेत नाही. चेहरा चुकीचा वाचला जाईल ही हरकत पुढे अनेकांनी घेतली. चेहरा बरोबर वाचला तरी तो निकालाचा आधार होऊ शकत नाही, ही हरकत कितीतरी अवघड आहे, आणि ती नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी दोन-तीन वाक्यांत मांडून मोकळा झाला होता.

या वाक्यांचे पुढे काय झाले हे पाहणे मौजेचे आहे. इंग्रजी अमदानीत मिताक्षरेला हिंदू कायद्याचा आधारग्रंथ म्हणून मान मिळाला, पण इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकने १८१० साली इंग्रजीत आणला तो तिचा वारसाहक्काचा भाग. वाटणीच्या, दत्तकाच्या, विधवेच्या हक्काच्या दाव्यांत वकील मिताक्षरेचे दाखले देत राहिले. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली याज्ञवल्क्यस्मृतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९४६ च्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात प्राचीन न्यायव्यवहार सविस्तर मांडला. दोघेही मुंबई हायकोर्टाचे वकील. म्हणजे दिवाणी बाजूला विज्ञानेश्वराचा शब्द प्रमाण मानला जात होता आणि फौजदारी बाजूला आरोपीकडे टक लावून पाहणाऱ्या ज्यूरीला त्याचे नावही माहीत नव्हते.

ही ज्यूरी आली कोठून? युरोपात आणि आपल्याकडेही आरोपीच्या देहाकडून निवाडा मागण्याची रीत जुनी. मराठी मुलखात रवा काढण्याचे दिव्य होते: तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा उचलायचा, मग हात पिशवीत घालून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांदेखत पिशवी सोडून हात पाहायचा. इंग्लंडातही तापले लोखंड आणि पाणी होतेच. १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यांत भाग घेण्यास मनाई केली. गुरूंच्या आशीर्वादाशिवाय दिव्याला अर्थ उरला नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागी शेजारपाजारच्या बारा माणसांना बसवण्यात आले. आपल्याला वाटते तसे हे पंच सुरुवातीला कोरी पाटी घेऊन येत नसत. ते त्याच भागातले असत, आरोपीला आणि त्याच्या घराण्याला ओळखत असत आणि पुष्कळदा काय घडले हे आधीच ऐकून येत असत. ज्याला गाव जन्मापासून ओळखते त्याचा घाम कशाला पाहायचा? गावे वाढली, माणसे हलली, पंच अनोळखी झाले, तेव्हा कठड्यातल्या माणसाविषयी त्यांना काहीच ठाऊक नसे. चेहऱ्याचे राज्य सुरू झाले ते या अनोळखीपणातून.

विल्यम हॉकिन्स या इंग्रज कायदेपंडिताने १७२१ साली त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. त्या काळी खून-दरोड्यासारख्या गुन्ह्यांत आरोपीला आपल्या बाजूने वकील उभा करता येत नसे. ही उघड अन्यायाची गोष्ट हॉकिन्सने फार शांतपणे समर्थनीय ठरवली. निरपराध माणसाला खरे सांगायला कौशल्य लागत नाही. उलट अपराधी स्वतः बोलू लागला की त्याचे शब्द, हातवारे, मुद्रा आणि बचावाची ढब यांतूनच सत्य बाहेर पडते, वकील मध्ये आला तर ते झाकले जाईल, असा त्याचा युक्तिवाद. आपण ‘चोराच्या मनात चांदणे’ म्हणतो तेच, पण कायद्याच्या ग्रंथात आणि एखाद्याचा गळा फासाला लागलेला असताना. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने या सिद्धान्ताला साजेशी सोयही केली होती. आरोपीच्या कठड्याच्या वर एक आरसा टांगलेला असे. खिडक्यांतून येणारा उजेड त्या आरशावरून थेट आरोपीच्या तोंडावर पडावा, म्हणजे न्यायाधीशांना आणि ज्यूरीला त्याच्या चेहऱ्यावरची रेघन्‌रेघ दिसावी, अशी ती योजना. डोक्यावर लाकडी फळीही असे, आवाज मोठा होऊन सर्वांपर्यंत पोचावा म्हणून. डिकन्सने १८५९ च्या कादंबरीत १७८० सालचा ओल्ड बेलीचा खटला रंगवताना तो आरसा विसरला नाही. त्या उजेडात उभा असलेला माणूस कोण, तर न्यूगेटच्या तुरुंगातून नुकताच आणलेला, अर्धपोटी, बहुधा अंगात ताप असलेला. १७५० साली या कैद्यांकडून आलेल्या तुरुंगज्वराने लंडनच्या लॉर्ड मेयरसह न्यायालयातली साठेक माणसे दगावली. असा माणूस थरथरत होता तो अपराधाने, भीतीने की हिवाने, हे आरसा सांगू शकत नव्हता. आणि खटला तर पुष्कळदा अर्ध्या तासाच्या आत आटपत असे.

यानंतरचे वळण मला साऱ्या इतिहासात सर्वांत चमत्कारिक वाटते. १६९६ पासून राजद्रोहाच्या आरोपींना आणि १८३६ च्या कायद्याने इतर गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींना वकिलामार्फत पूर्ण बचाव करण्याचा हक्क मिळाला. मोठी सुधारणा झाली यात शंका नाही. पण आता आरोपीच्या वतीने वकील बोलू लागला आणि आरोपी स्वतः गप्प झाला. इंग्लंडात त्याला शपथेवर साक्ष देण्याची सर्वसाधारण मुभा १८९८ साली मिळाली. अमेरिकेत मेन राज्याने ती १८६४ मध्येच दिली होती, तरी तिथेही न बोलणे बहुधा शहाणपणाचे ठरे. हॉकिन्सच्या काळी पंच निदान आरोपीचे बोलणे ऐकत होते. आता ते त्याचे बसणे पाहू लागले.

त्याचा नमुना म्हणून १८९३ सालचा लिझी बोर्डनचा खटला घ्यावा. मॅसॅच्युसेट्स राज्यात वडील आणि सावत्र आई यांचा कुऱ्हाडीने खून केल्याचा तिच्यावर आरोप होता. खुनानंतर ती रडली नाही, फार थंड वाटली, हे वृत्तपत्रांनी घोळून घोळून लिहिले. खटल्यात ती साक्षीला उभी राहिलीच नाही. पण सरकारी वकिलाच्या सुरुवातीच्या भाषणाअखेर मृतांच्या कवट्या नजरेस पडल्या आणि ती भर कोर्टात बेशुद्ध झाली. सर्व पुरुषांच्या ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. त्या मूर्च्छेचा वाटा किती हे कोणी मोजू शकत नाही. पुरावाही परिस्थितीजन्यच होता. पण कोरड्या डोळ्यांनी जी संशयित झाली, तिला मूर्च्छेने पुन्हा ‘स्त्री’ करून टाकले, असे म्हणायला जागा आहे. याच सुमारास लोम्ब्रोसो इटलीत कवट्या आणि जबडे मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखू पाहत होता. त्याचा १८७६ चा ग्रंथ आज कोणी गंभीरपणे घेत नाही. मात्र तोंडावरून माणूस कळतो ही समजूत त्याच्याबरोबर गेली नाही.

आता आपण मुंबईला येऊ. कंपनीचा गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअर याने १६७२ साली मुंबईत न्यायालय थाटले तेव्हापासून ज्यूरी या बेटाला परिचित आहे. पण मराठी माणसाच्या स्मरणात ती येते ती टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यांतून. १८९७ ला ज्यूरी सहा विरुद्ध तीन फुटली, १९०८ ला सात विरुद्ध दोन. दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. ज्यांना निर्णय द्यायचा होता ते नऊजण म्हणजे सात युरोपीय आणि दोन पारशी. ज्या ‘केसरी’तल्या लेखांवर खटला होता ते त्यांच्यापुढे भाषांतरातून आले होते. मजकूर मुळातून वाचता येत नाही आणि माणूस मात्र समोर दिसतो, अशी ही ज्यूरी. तिने पाहिले ते काय, तर दोषी ठरल्यावरही डळमळीत न झालेला माणूस. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. जी निश्चलता सरकारला उद्दामपणा वाटली, तीच लोकांना तेज वाटली; ज्यूरीच्या निकालानंतर टिळकांनी काढलेले उद्गार १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते त्याच हायकोर्टात शिलालेख होऊन लागले.

त्यानंतर तीनच वर्षांनी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांचा खटला सेशन जज्ज आर. बी. मेहता यांच्यापुढे उभा राहिला. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी नेपियन सी रोडवरच्या फ्लॅटमध्ये नानावटींच्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा तीन गोळ्यांनी मारला गेला, आणि नानावटी स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. कोर्टात ते पांढऱ्याशुभ्र गणवेशात, छातीवर पदके लावून येत. ताठ बसणे, मोजके बोलणे, कोठेही आदळआपट नाही. रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने ही मूर्ती आठवड्यामागून आठवडा उजळत ठेवली आणि कोर्टाबाहेर तरुणींची झुंबड उडू लागली. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव. सरकार पक्षाकडे एक साधा टॉवेल होता. आहुजा नुकताच न्हाऊन बाहेर आलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला, आणि मेल्यानंतरही तो टॉवेल जागचा हललेला नव्हता. झटापटीत टॉवेल टिकतो कसा? नऊ पंचांपैकी आठांनी गणवेशाकडे पाहिले असावे, टॉवेलकडे नाही. आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’ कौल आला. मेहतांनी तो न स्वीकारता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले; हायकोर्टाने खून सिद्ध धरून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रातला तर्क आपल्या विषयाच्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. नानावटींनी त्या दुपारी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून पिस्तूल घेतले, आधी आहुजाच्या कचेरीत आणि मग घरी गेले. दीड ते चार वीस, जवळजवळ तीन तास. क्षणिक संतापाने भान हरपलेला माणूस इतक्या शिस्तीने वागत नाही, डोके थंड व्हायला पुरेसा अवधी मिळाला होता, असे न्यायमूर्तींनी म्हटले. म्हणजे जो संयम ज्यूरीला खानदानी सभ्यता वाटला, तोच न्यायाधीशांना योजनेची खूण वाटला. फरक एवढाच की न्यायाधीशांनी कोर्टातला संयम वाचला नाही. घटनेच्या दिवशी, घड्याळाच्या काट्यावर मोजता येणारा वाचला. महामहोपाध्याय काणे त्या वेळी ऐंशीच्या घरात होते आणि मुंबईतच राहत होते. कोणी त्यांच्याकडे गेले असते तर त्यांनी मिताक्षरेतले पान काढून दाखवले असते, असे आपले माझ्या मनात येते.

या खटल्याने भारतातली ज्यूरी संपवली असे सर्रास म्हटले जाते, ते तितकेसे खरे नाही. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती बंद करण्याची शिफारस केली होती, आणि नानावटींनंतरही काही वर्षे काही ठिकाणी ज्यूरी बसत राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. पारशी विवाहांच्या दाव्यांत ‘डेलिगेट’ या रूपाने तिचा एक अवशेष आजही आहे.

ज्या देशांत ज्यूरी टिकली तेथे चेहऱ्याची किंमत टिकून राहिली. ऑस्ट्रेलियात १९८० साली उलुरूच्या पायथ्याशी तंबूतून लिंडी चेंबरलेन यांचे नऊ आठवड्यांचे मूल नाहीसे झाले. डिंगोने नेले, असे त्या पहिल्यापासून सांगत होत्या. पण दूरदर्शनवर त्या रडल्या नाहीत, फार नेमके बोलल्या, आणि देशाने ठरवून टाकले की आई अशी नसते. १९८२ साली डार्विनच्या ज्यूरीने त्यांना खुनी ठरवले. मोटारीत सापडलेले बाळाचे रक्त म्हणून जे दाखवले गेले होते ते आवाज दाबण्यासाठी फवारलेले रसायन निघाले. बाळाचे जाकीट १९८६ मध्ये डिंगोच्या गुहांजवळ मिळाले. शिक्षा १९८८ मध्ये रद्द झाली. आणि डिंगोनेच नेले अशी अधिकृत नोंद व्हायला २०१२ साल उजाडले.

अमेरिकेत तर चेहरा औषधाने बदलता येतो, हाच वाद सुप्रीम कोर्टापुढे गेला. नेवाडा राज्यात डेव्हिड रिगिन्स या आरोपीला खटल्याच्या काळात मनोविकारावरचे औषध दिवसाला ८०० मिलिग्रॅम इतके दिले जात होते. तो सुस्त, निर्विकार दिसे. ज्यूरीने त्याला देहान्त सुनावला. १९९२ साली कोर्टाने निकाल फिरवला, आणि न्यायमूर्ती केनेडींनी वेगळ्या टिपणात लिहिले की मरणाच्या शिक्षेत पश्चात्ताप दिसतो की नाही यावर सारे फिरू शकते, तेव्हा औषधाने गोठलेली मुद्रा हा अन्याय आहे. कायद्याचे अभ्यासक स्कॉट संडबी यांनी कॅलिफोर्नियातल्या ज्यूरी सदस्यांच्या मुलाखतींवरून १९९८ मध्ये दाखवले की हा पश्चात्ताप ते मुख्यतः आरोपीच्या बसण्या-पाहण्यातून शोधत असतात. आता जो ‘मी केलेच नाही’ म्हणतो त्याने पश्चात्ताप दाखवायचा तरी कसा? २०१३ साली लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स न्यायालयाने एका मुस्लिम आरोपीला इतर वेळी निकाब ठेवू दिला. साक्ष देताना मात्र ज्यूरीला चेहरा दिसलाच पाहिजे असे सांगितले. आणि हे सारे चालू असताना मानसशास्त्रज्ञ मोजमाप करत होते. एकमन आणि ओ’सलिव्हन यांच्या १९९१ च्या चाचणीत खोटे ओळखण्यात न्यायाधीशही नाणेफेकीच्या फार पुढे गेले नाहीत. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोग एकत्र केले तेव्हा माणसांचा अंदाज सरासरी शंभरात चोपन्न वेळा बरोबर निघाला.

आपल्याकडे आता पाहणारा एकटा न्यायाधीश आहे. साक्षीदाराच्या वागण्याविषयी महत्त्वाचे वाटेल ते टिपून ठेवावे, असे कायदा त्याला सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कलम कायम आहे. ते आहे साक्षीदारापुरते. आरोपी कोर्टरूमच्या मागच्या बाजूला पिंजऱ्यात उभा असतो, त्याच्यावर शपथ घेण्याची सक्ती नाही, आणि गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेने त्याला दिलेला आहे. मांडव्याला तो नव्हता. फाशीच्या प्रकरणांत मात्र माणूस सुधारेल का हा प्रश्न टाळता येत नाही. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की देहान्ताची शिक्षा ठरवण्याआधी आरोपीच्या तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल, मानसिक तपासणी आणि त्याच्या घरची, बालपणाची, शिक्षणाची माहिती मागवावी. कठड्यातल्या काही तासांऐवजी कोठडीतली कित्येक वर्षे पाहावीत, अशी ही रीत. त्यातला वागणुकीचा अहवाल तुरुंगाधिकारी लिहितो. त्याच्यापुढे आरोपी रोज असतो, आणि त्याने काय पाहिले हे तपासायला तेथे उलटतपासणी घेणारा वकील नसतो.